आयआरएत जमा झालेला ट्रान्सफर बोनस: करातल्या या चुका टाळा

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना ब्रोकर कंपन्यांच्या मेल सारख्या येत असतात: तुमचा आयआरए (स्वतः उघडलेलं निवृत्ती खातं) किंवा जुन्या नोकरीतला ४०१-के (नोकरीतून मिळणारं निवृत्ती खातं) आमच्याकडे आणा, आणलेल्या रकमेवर १ टक्का, कधी २ टक्के बोनस घ्या. म्हणजे दोन लाख डॉलर हलवले तर दोन हजार डॉलर. हे पैसे खरोखर मिळतात, त्यात फसवणूक नाही. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये ओळखीतली माणसं रिटर्नचे कागद घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा या बोनसपायी झालेला गोंधळ हमखास समोर येतो. कुणी न लागणारा कर भरून बसलेलं असतं, तर कुणी हजार डॉलरच्या मागे दीड हजार घालवलेले असतात.

बोनस उत्पन्नात धरणं

बोनस कुठल्या खात्यात पडला, हे आधी बघा. साध्या गुंतवणूक खात्यात पडला असेल तर तो त्या वर्षीचं उत्पन्न आहे. कंपनी त्यासाठी १०९९-आयएनटी किंवा १०९९-मिस्क हा उत्पन्न कळवणारा फॉर्म पाठवते आणि कर पगारासारखाच, तुमच्या दराने लागतो. तोच बोनस आयआरएच्या आत पडला तर ब्रोकर कंपन्या तो खात्यातली वाढ म्हणून धरतात. आत मिळालेलं व्याज किंवा लाभांश जसा असतो, तसाच. त्या वर्षी त्याचा १०९९ येत नाही आणि रिटर्नमध्ये कुठेही काही लिहायचं नसतं. तरी प्रामाणिक माणसं स्टेटमेंटवरची ओळ बघतात आणि ‘इतर उत्पन्न’ या रकान्यात भरून टाकतात. ट्रॅडिशनल आयआरएत (ज्यात कर पैसे काढताना लागतो) हे विशेष वाईट, कारण पुढे पैसे काढताना त्याच रकमेवर पुन्हा कर लागणार असतो.

बोनस वर्गणीत धरणं

वर्गणी म्हणजे वर्षाला तुम्ही स्वतः आयआरएत भरता ती रक्कम. तीत बोनस धरण्याची चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. २०२५ साठी आयआरएत भरायची मर्यादा ७,००० डॉलर होती, वय ५० किंवा जास्त असेल तर ८,०००. ओळखीतल्या एका ताईंनी खातं हलवलं आणि त्यांना १,८५० डॉलर बोनस मिळाला. त्यांनी ७,००० मधून तो वजा केला आणि त्या वर्षी फक्त ५,१५० भरले. माझ्यासमोर कागद आले तेव्हा १५ एप्रिल उलटून गेला होता. त्या वर्षाची १,८५० डॉलरची जागा कायमची गेली, ती पुढच्या वर्षी ओढता येत नाही.

बोनस वाढ म्हणून धरला असेल तर तो मर्यादेत मोजला जात नाही. पण कंपनीने तो कसा धरलाय हे गृहीत धरू नका, ऑफरच्या अटी उघडून वाचा. खात्री करायचा कागद म्हणजे फॉर्म ५४९८, आयआरएत किती रक्कम भरली ते कंपनी त्यावर कळवते. तो मे अखेरपर्यंत येतो, म्हणजे रिटर्न भरून झाल्यावर, त्यामुळे बहुतेक जण तो न उघडता फाइलला लावतात. उघडा. ट्रॅडिशनलसाठी रकाना १, रॉथसाठी (कर आधीच भरलेल्या पैशांचा आयआरए) रकाना १०. तिथे तुम्ही स्वतः भरलेलीच रक्कम दिसली पाहिजे. बोनस त्यात मिसळलेला दिसला तर कंपनीला फोन करून दुरुस्त फॉर्म मागा. तो तसाच राहिला आणि तुम्हीही पूर्ण ७,००० भरले असतील, तर जास्तीच्या रकमेवर ६ टक्के दंडकर लागतो, आणि ती रक्कम बाहेर काढेपर्यंत किंवा मर्यादेत बसेपर्यंत दरवर्षी लागत राहतो.

रॉथमधला बोनस ‘आपलेच पैसे’ समजणं

रॉथमध्ये स्वतः भरलेली मूळ रक्कम कधीही, कर-दंडाशिवाय काढता येते, हे सगळ्यांना माहीत असतं. बोनस मूळ रक्कम नव्हे. पैसे काढताना आधी वर्गणी, मग कन्व्हर्ट केलेली (ट्रॅडिशनलमधून रॉथमध्ये आणलेली) रक्कम आणि शेवटी वाढ असा क्रम लागतो. बोनस त्या शेवटच्या ढिगात. वय साडेएकोणसाठ आणि रॉथला पाच वर्षं होण्याची अट पूर्ण होण्याआधी त्याला हात लावला तर सहसा कर आणि वर १० टक्के दंड. ट्रॅडिशनलमध्येही फॉर्म ८६०६ वर करभरणा झालेल्या मूळ रकमेत बोनस मिळवू नका. त्यावर कर अजून भरलेलाच नाही.

बोनससाठी ४०१-के ट्रॅडिशनल आयआरएत आणणं आणि बॅकडोअर रॉथ बिघडवणं

आयटीतल्या बऱ्याच घरांत दोघांचा पगार मिळून थेट रॉथ भरण्याच्या मर्यादेपलीकडे जातो. म्हणून ते दरवर्षी मर्यादेएवढी रक्कम (२०२५ मध्ये ७,०००) वजावट न घेता ट्रॅडिशनलमध्ये भरतात आणि लगेच रॉथमध्ये कन्व्हर्ट करतात. यालाच बॅकडोअर रॉथ म्हणतात. हे सुरळीत चालतं, कारण ट्रॅडिशनलमध्ये दुसरं काही नसतं. आणि मग ती मेल येते.

समजा जुन्या कंपनीचा ४०१-के ९२,००० डॉलरचा आहे, सगळा करपूर्व, म्हणजे त्यावर कर अजून भरलेला नाही. तो ट्रॅडिशनल आयआरएत आणला, १ टक्का म्हणजे ९२० डॉलर बोनस मिळाला. त्याच वर्षी नेहमीप्रमाणे ७,००० भरून कन्व्हर्ट केले. आता आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं करखातं, तुमचे सगळे ट्रॅडिशनल, सेप आणि सिंपल (छोट्या धंद्यांसाठीचे) आयआरए एकच भांडं धरतं. त्यात ९९,९२० डॉलर आहेत आणि कर भरलेले फक्त ७,०००, म्हणजे जवळपास ७ टक्के. त्यामुळे कन्व्हर्ट केलेल्या ७,००० पैकी करमुक्त फक्त ४९० च्या आसपास. उरलेल्या ६,५१० वर २४ टक्क्यांच्या दराने सुमारे १,५६२ डॉलर कर. हातात आले ९२०.

कर भरलेली बाकी रक्कम फॉर्म ८६०६ वर पुढे चालत राहते, ती बुडत नाही. पण मोकळी व्हायला वर्षानुवर्षं लागतात, आणि दरवर्षीचं बॅकडोअर तोवर असंच अडकतं. वेळेत लक्षात आलं तर एक वाट आहे: सध्याच्या नोकरीचा ४०१-के बाहेरून रक्कम घेत असेल तर करपूर्व रक्कम ३१ डिसेंबरच्या आत तिकडे सरकवा, कारण हिशोब त्या दिवसाच्या शिल्लकीवर होतो. बोनस मात्र कंपनी परत मागेल. मागू दे, तो सोडलेला परवडतो.

पैसे स्वतःच्या हातून नेणं

आयआरए ते आयआरए हलवताना नव्या कंपनीलाच जुन्याकडून मागवू द्या. असं हलवणं रिटर्नमध्ये येतच नाही. पैसे आधी आपल्या बँकेत घेतलेत तर ६० दिवसांचं घड्याळ सुरू होतं, आणि आयआरए ते आयआरए असं बारा महिन्यांत एकदाच करता येतं, तुमची खाती कितीही असोत. ४०१-के मधून स्वतःच्या नावावर चेक घेतला तर २० टक्के आधीच कापले जातात: ५०,००० चे ४०,००० हाती पडतात आणि उरलेले १०,००० साठ दिवसांत खिशातून भरावे लागतात. नाहीतर त्यावर कर, आणि बहुतेकांना १० टक्के दंडही.

चेक घरी आला म्हणून घाबरू मात्र नका. जुन्या ४०१-के चा प्रशासक कधीकधी थेट रोलओव्हरचा (एका खात्यातून सरळ दुसऱ्यात जाणाऱ्या रकमेचा) चेकही तुमच्या पत्त्यावर पाठवतो. त्यावर नव्या कंपनीचं नाव, पुढे ‘एफबीओ’ (म्हणजे ‘यांच्या लाभासाठी’) आणि मग तुमचं नाव असतं. तो आहे तसा नव्या कंपनीकडे धाडा. जानेवारीत १०९९-आर (खात्यातून पैसे निघाल्याचा फॉर्म) येईल, रकाना ७ मध्ये जी हा कोड असेल. करपात्र रक्कम शून्य असली तरी तो फॉर्म रिटर्नमध्ये भरायचाच.

आणि नाव! आपल्या पद्धतीत मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. एका खात्यावर ते पूर्ण, दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर, तिसऱ्यावर माहेरचं आडनाव. नाव जुळत नाही म्हणून ट्रान्सफर परत येतो, तोवर ऑफरची मुदत संपते. अर्ज करायच्या आधी दोन्ही स्टेटमेंटं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा.

बोनस बाहेर मागणं

‘आयआरएत नको, माझ्या साध्या खात्यात द्या’ असा आग्रह धरू नका. आयआरएच्या जोरावर मिळणारा फायदा मालकाने बाहेर घेणं अमेरिकी करकायद्यातल्या कलम ४९७५ च्या निषिद्ध व्यवहारांत बसू शकतं. तसं ठरलं तर बोनसच नाही, त्या वर्षीच्या १ जानेवारीला अख्खा आयआरए काढून घेतला असं धरलं जातं. कंपनीच्या अटींत जे खातं लिहिलंय तेच राहू द्या.

परतीचा विचार असताना अट न वाचणं

काही ऑफरमध्ये पैसे पाच वर्षं तिथेच ठेवायची अट असते. दोन-तीन वर्षांत पुण्या-नाशिकला परतायचं मनात असेल तर आधी एवढं विचारा: भारतातला पत्ता झाल्यावर ही कंपनी खातं चालू ठेवते का? नाही म्हणाली तर बोनस तर जाईलच, शिवाय खातं घाईत हलवावं लागेल.

परतल्यावर, भारतात पूर्ण रहिवासी झालात की या खात्यातली वाढ तिथे दरवर्षी करपात्र धरली जाऊ शकते, अमेरिकेत मात्र कर पैसे काढताना. हा मेळ बसावा म्हणून १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८९ए आलं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या तीन देशांतल्या निवृत्ती खात्यांना ते लागू केलं गेलं. त्याखालचा फॉर्म (त्या कायद्यात १०-ईई) रिटर्नच्या मूळ मुदतीत भरला की भारतातला करही पैसे काढण्याच्या वर्षी जातो. तिथल्या सीएकडे जाताना बोनस दाखवणारं स्टेटमेंट आणि ५४९८ बरोबर न्या, म्हणजे ती रक्कम वर्गणी नसून खात्यातली वाढ आहे हे त्यांना कागदावर दिसेल.