अँक्झायटीवर उपचार घेताय? या चुका टाळा

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक आधी सांगते, कारण मानसोपचार ओपीडीत समुपदेशनाचं काम करताना ती मला सतत दिसते. मेडिकलमधून परस्पर आणलेली ‘शांत झोपेची’ गोळी. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, डायझेपाम. कुणाला ती मेहुण्याने सुचवलेली असते. कुणाला डॉक्टरांनी कधीतरी दहा दिवसांसाठी लिहून दिलेली असते आणि त्याच चुरगळलेल्या चिठ्ठीवर ती वर्षानुवर्षं मिळत राहते. अर्ध्यापाऊण तासात धडधड थांबते, हाताची थरथर जाते. इतक्या लवकर आराम पडतो म्हणूनच माणूस तिच्यात अडकतो. काही आठवड्यांत शरीराला सवय होते, तेवढ्या डोसने भागेनासं होतं, आणि गोळी चुकली की आधीपेक्षा जास्त घाबरं व्हायला लागतं.

किराणा दुकान चालवणारे एक गृहस्थ होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). वडील अचानक गेल्यावर त्यांचा जीव घाबरा व्हायला लागला. ओळखीतल्या कुणीतरी अल्प्राझोलम सुचवली. पाव मिलिग्रॅमपासून सुरुवात झाली ती रोज दोन मिलिग्रॅमपर्यंत गेली. घरच्यांना वाटायचं, बीपीची गोळी आहे. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मनाशी पक्कं केलं की आता ही सवय मोडायची, आणि सगळ्या पट्ट्या फेकून दिल्या. तिसऱ्या दिवशी ऐन हळदीत त्यांना फिट आली. जीभ चावली गेली, नव्या सदऱ्यावर रक्त, कुणी नाकाला कांदा लावतंय, कुणी मुठीत किल्ली कोंबतंय. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘कुठली गोळी अचानक बंद केलीय का?’ बायकोने छातीठोकपणे नाही म्हणून सांगितलं. तिला माहीतच नव्हतं. मेंदूचा स्कॅन झाला, फिट्सचं औषध सुरू झालं, आणि मग मुलाला गल्ल्याखाली रिकामी पट्टी सापडली. पुढे ती गोळी थोडी थोडी उतरवत पूर्ण बंद करायला कितीतरी महिने गेले.

गोळी सोडायचं त्यांनी ठरवलं ते योग्यच होतं. एकट्याने आणि एका दिवसात सोडली, ते जिवावर बेतलं. अल्प्राझोलम आणि डायझेपाम ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या एका कडक यादीत येतात. २०१४ पासून दुकानदाराने ती विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती गोळ्या दिल्या याची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ती तीन वर्षं जपायची असते. तरी ती सुटी मिळतात, याचा मला मनापासून संताप येतो. मानसोपचारतज्ज्ञही ही औषधं देतात, पण सहसा सुरुवातीच्या दोन-चार आठवड्यांपुरती आणि लक्ष ठेवून. दारूबरोबर तर कधीच नाही, श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्याला मी घरातल्या सगळ्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून आणायला सांगते आणि टेबलावर मांडायला लावते. तोंडी विचारलं की निम्म्या गोळ्या सांगायच्या राहतात.

दुसरी चूक घाईची. मूळ उपचाराचं औषध बहुतेक वेळा एस्सिटॅलोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखं असतं. त्याने पहिल्या आठवड्यात मळमळतं, डोकं जड होतं, काहींची बेचैनी थोडी वाढतेसुद्धा. खरा फरक दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. आणि आठव्या दिवशी फोन येतो, ‘मॅडम, काहीच झालं नाही, डॉक्टर बदलू का?’ असे तीन डॉक्टर आणि तीन अर्धवट कोर्स झाले की माणूस म्हणतो, मला औषध लागूच पडत नाही. औषधाला वेळ दिलेलाच नसतो. त्रास फार होत असेल तर त्याच डॉक्टरांना सांगा, ते डोस कमी करून हळूहळू वाढवतात.

याच्या उलटही होतं. दुसऱ्या महिन्यात छान वाटायला लागतं आणि गोळी बंद केली जाते. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवावं लागतं, आणि बंद करतानाही हळूहळू उतरवावं लागतं. एकदम तोडलं तर चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात करंट बसल्यासारखं वाटतं.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर औषध सुरू केल्याची तारीख लिहायला लावते आणि सहा आठवड्यांनंतरच्या तारखेला गोल करायला सांगते. औषध लागू पडलं की नाही, याचा निकाल त्या तारखेच्या आधी लावायचा नाही. दर रविवारी जीएडी-७ ही चिंता किती आहे ते मोजणारी प्रश्नावली भरायची. सातच प्रश्न, जास्तीत जास्त २१ गुण. रोज भरू नका. रोज स्वतःला तपासत बसलं की चिंतेला तेवढंच खाद्य मिळतं.

ईसीजीच्या फायली घेऊन फिरणाऱ्यांचंही तेच होतं. छातीत पहिल्यांदा दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठा, त्यात वाद नाही. मधुमेह किंवा बीपी असेल तर अजिबात वेळ घालवू नका. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही एकदा तपासून घ्या. पण हृदयाच्या डॉक्टरांनी सगळं नीट पाहून ‘हे पॅनिक अटॅक आहेत’ असं सांगितल्यावर नेहमीच्याच त्रासासाठी दर महिन्याला नवा ईसीजी काढू नका. पॅनिक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरतो. भरभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना मुंग्या येतात.

लोकल टाळणं, लिफ्ट टाळणं, कुठेही जाताना कुणाला तरी सोबत नेणं. यानेही लगेच हायसं वाटतं आणि भीती मात्र मुक्कामाला राहते. सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धत, नेमकी इथे काम करते. दुपारच्या रिकाम्या स्लो लोकलने आधी फक्त कुर्ला ते सायन, भीती ओसरेपर्यंत तोच प्रवास पुन्हा पुन्हा, मग पुढचं स्टेशन. सहसा १२ ते १६ सत्रं लागतात. दोन सत्रांत ‘नुसतं बोलणंच तर आहे’ म्हणून जे उठून जातात, त्यांनी घरचा अभ्यास केलेलाच नसतो.

दिवसाला आठ कप चहा आणि तंबाखू चालू ठेवून धडधडीवर औषध मागू नका.

दोन दिवसांची कार्यशाळा करून झालेल्या ‘माइंड कोच’कडे पैसे घालवू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारा, त्यात संकोच कसला?

नातेवाइकांनो, ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणणं बंद करा आणि पहिल्या भेटीला सोबत या.

खर्चाचं कारण सांगून थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर पुढच्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. घरातल्या कुणाला तरी सांगा आणि त्याच दिवशी, गरज पडली तर रात्रीही, जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.