कबुतरं, जाळं आणि तांदळाच्या कण्या: १७८७ चं इंग्रजी गावच्या वर्गात

चार्ल्स विल्किन्सने केलेलं 'हितोपदेशा'चं इंग्रजी भाषांतर १७८७ साली इंग्लंडातल्या बाथ शहरी छापलं गेलं. त्यातली जाळ्यासकट उडालेल्या कबुतरांची गोष्ट आठवी-नववीच्या पोट्ट्यांसोबत वाचून मराठीत उतरवणं दोन तासिकांत होतं.

पहिली तासिका अक्षरांनाच जाते. त्या काळच्या इंग्रजी छपाईत 'एस' शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये लांबट असतो, पाहताना 'एफ'च वाटतो. शेवटी मात्र नेहमीचा. खूण अशी: 'एफ'ची आडवी रेघ दांडा ओलांडून उजवीकडे जाते, लांब 'एस'ची जात नाही. कॉम्प्युटरने ओळखलेला मजकूर घेऊ नका, त्यात 'सेड'चं 'फेड' झालेलं असतं. मूळ पानाच्या चित्राची झेरॉक्स मोठी करून काढा, नाहीतर ती बारीक रेघ शाईत बुडते.

नावं अडवतात. विल्किन्स ऱ्हस्व 'इ'ला दोन 'ई' आणि 'उ'ला दोन 'ओ' लावतो, म्हणून 'हितोपदेश'चा 'हीतोपदेस' होतो. चित्रग्रीव (कबुतरांचा राजा), लघुपतनक (कावळा), हिरण्यक (उंदीर) ही नावं आधीच फळ्यावर लिहून टाका.

आता खरी गोम. शिकारी जाळ्याखाली टाकतो ते मूळ संस्कृतात 'तण्डुलकण', म्हणजे तांदळाच्या कण्या. इंग्रजीत धान, तांदूळ, कणी, भात, सगळ्यांना एकच 'राइस'. पोरं 'धान' लिहितात आणि गोष्टीचा खिळाच निखळतो. चित्रग्रीवाला शंका येते ती निर्जन रानात कण्या कुठून आल्या याची. धान रानात सांडू शकतं. कणी कांडल्याशिवाय होत नाही, म्हणजे तिथे माणसाचा हात लागलेला आहे. भंडारा-गोंदियाच्या पोरांना हे सांगावं लागत नाही. अकोल्याकडे कणीऐवजी ज्वारी घालायचा मोह होईल, घालू नका. हवं तर मूठभर धान आणि मूठभर कण्या टेबलावर ठेवा.

झाड शाल्मली, म्हणजे आपली काटेसावर, तेही गोदावरीकाठी. सिरोंच्याच्या पोरांना नदी दाखवायची गरज नाही. 'पंचतंत्रा'त याच गोष्टीत वड आहे, दोन्ही मिसळू नका.

'व्याध'साठी सवयीने 'पारधी' लिहिलं जातं. वर्गात पारधी समाजाची मुलं असतात; 'शिकारी' लिहा.

दुसऱ्या तासिकेत आधी सुभाषितं पेन्सिलीने कंसात टाका. ती संवादाच्या मध्येच येतात, त्यामुळे कोण बोलतंय ते हरवतं. सोन्याच्या कड्याचा वाघ ही आतली गोष्टही वेगळी काढा. उरलेला संवाद पोरांना वऱ्हाडीत बोलू द्या: "रानात तांदूय कोनं आनून टाकले बे?" शेवटी हिरण्यक उंदीर आधी राजाचे पाश तोडायला धावतो, राजा म्हणतो आधी माझ्या लोकांचे. हा क्रम भाषांतरात हमखास उलटा होतो, तेवढा मूळ पानाशी ताडून घ्या.