गरोदर आणि बाळंतीण बाईची मिश्री सोडवताना

कर्नाटकातल्या निपाणी, चिकोडी, खानापूर भागातल्या गरोदर बाईला ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले, तर ती बहुधा ‘नाही’ म्हणते आणि तिच्या लेखी ते खोटे नसते. कारण मिश्री, म्हणजे तव्यावर काळा होईपर्यंत भाजून कुटलेला तंबाखू, ती खात नाही, दातांना लावते. म्हणून आशाताईंनी मिश्रीचे नाव घेऊनच विचारावे, दिवसातून किती वेळा लावता हेही विचारावे आणि शक्यतो सासूबाई समोर नसताना विचारावे.

उत्तर ऐकून रागावू नये. मिश्रीतील निकोटिन हिरड्यांतून रक्तात उतरते, वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो, एवढे शांतपणे सांगावे. मुंबईतील १२१७ गरोदर स्त्रियांच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिश्रीसारखा धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आढळली.

त्यानंतर कारण शोधावे. ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे उत्तर हमखास येते आणि ते उडवून लावणे मला चुकीचे वाटते, कारण गरोदरपणात, विशेषतः लोहाच्या गोळ्या चालू असताना, शौचाला खरोखरच कठीण होते. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, रात्री भिजवलेल्या मनुका हे उपाय आधी सुरू करून द्यावेत. दाढ दुखत असेल तर दंतवैद्याकडे पाठवावे. तलफ काही मिनिटांतच ओसरते, तेवढ्यात चूळ भरावी, बडीशेप चघळावी. पहिल्या काही दिवसांत डोके दुखते, चिडचिड होते, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवावे. निकोटिनचे च्युइंगगम डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.

खरी अडचण सासूबाईंच्या डबीची असते. चुलीजवळच्या कोनाड्यात ती डबी रोज दिसत असताना सुनेने एकटीने सोडावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. निदान बाळंतपण होईपर्यंत डबी नजरेआड ठेवावी आणि घरात मिश्री भाजू नये. पुरुषांनी बिडी घराबाहेर ओढावी. विड्या वळणाऱ्या आईने तंबाखूचे सूप बाळापासून दूर ठेवावे आणि हात साबणाने धुऊनच बाळाला पाजायला घ्यावे.

मिश्री पूर्ण सुटली नसली तरी अंगावरचे दूध बंद करू नये. सव्वा महिन्यानंतर कामे अंगावर पडली, झोप मोडू लागली की सुटलेली मिश्री पुन्हा सुरू होते. म्हणून दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीकरणाला तायी कार्ड (कर्नाटकातले आई-बाळाच्या तपासणीचे नोंदपत्र) पाहताना तोच प्रश्न, त्याच आपुलकीने, पुन्हा विचारावा.