सुटी रंगीत रत्ने: पारखायची कशी, घ्यायची कशी

रत्नांचा संग्रह म्हटला की मुंबई-जयपूरच गाठावं लागेल असं खेड्यातल्या माणसाला वाटतं. पण पहिला धडा आपल्याच नाल्यात गिरवता येतो. पश्चिम विदर्भाचा काळा खडक म्हणजे बेसाल्ट. त्याच्या पोकळ्यांत अकीक (पट्ट्यापट्ट्यांचा दगड), गारगोटी, क्वचित जमुनियाचे म्हणजे जांभळ्या गारगोटीचे स्फटिक तयार होतात आणि पाण्याबरोबर नाल्यात येऊन पडतात. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की मूठभर वेचून आणा. दुसऱ्याच्या वावरातून आणायचे तर विचारून आणा. लोणार सरोवराचा परिसर मात्र अभयारण्य आहे, तिथला खडाही उचलू नका.

आणलेले दगड जुन्या बाटलीच्या काचेवर ओढून बघा. गारगोटी काचेवर चरा पाडते, कॅल्साइट हे मऊ खनिज पाडत नाही. कठीणपणा म्हणजे काय, हे असं हाताला कळतं. पैलू पाडलेल्या रत्नावर ही परीक्षा कधीही करू नका.

विकत घ्यायला सुरुवात उपरत्नांपासून करा: जमुनिया, सुनहला (पिवळी गारगोटी), तामडा (गार्नेट). माणिक, नीलम, पाचू सुरुवातीला फक्त पाहा. नागपूरला इतवारीच्या सराफ्यात गेलात तर आवर्जून दाखवायला सांगा, डोळा तसाच तयार होतो. जत्रेत किंवा दारावर आलेल्या फिरत्या विक्रेत्याकडून भारी खडा घेऊ नका. ना बिल, ना परत करायला पत्ता. कुंडली पाहून अंगठी करायची असली तरी पारख हीच लागते.

भाव कॅरेटमध्ये ठरवा. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, सगळीकडे तेवढाच. रत्ती कुठे १२० मिलिग्रॅमच्या आसपास धरतात, कुठे १८० च्या, आणि तिथेच हिशेब चुकतो.

दुकानातला पिवळा दिवा माणकाला लाली चढवतो. म्हणून खडा दारापाशी सावलीत आणा, पांढऱ्या कागदावर ठेवा. मग छापील वर्तमानपत्रावर ठेवून वरून बघा. मधोमध अक्षरं वाचता आली तर पैलू उथळ पडलेत, उजेड परत न फिरता आरपार जातोय. असा खडा रंगाने कितीही देखणा असो, मी घेत नाही.

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. गोल बुडबुडे दिसले तर काच किंवा कृत्रिम रत्न असण्याची दाट शक्यता. १९०२ साली व्हर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीत माणिक घडवण्याची रीत जाहीर केली. त्या माणकात वाढीच्या रेषा वक्र असतात, खाणीतल्या माणकात सरळ. खडा हलवताना भेगांतून निळी झाक चमकली तर आत शिशाची काच भरलेली असू शकते. असा माणिक सोनाराच्या आचेने बिघडतो, लिंबाच्या रसानेसुद्धा.

खडा दहा कॅरेटच्या वरचा असेल तर घरीही तपासता येतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या. आधी खडा कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा आणि बारीक दोऱ्याला बांधलेला खडा पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा काठाला लागू देऊ नका, त्याला बुडबुडाही चिकटू देऊ नका. आता दिसेल त्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा, म्हणजे खडा पाण्याच्या किती पट जड ते कळतं. २ ग्रॅमच्या खड्याला ०.५० आलं तर उत्तर ४, म्हणजे माणिक-नीलमाच्या जातीचा. ०.७५ आलं तर साधारण २.६७, म्हणजे गारगोटीच्या जातीचा: जमुनिया, सुनहला. साधी काच अडीचच्या आसपास येते. कृत्रिम माणिकही चारच दाखवतो, तिथे भिंगच कामाचं.

भारी खड्याला प्रयोगशाळेचा अहवाल हवाच. खडा नैसर्गिक आहे का, रंग खुलवायला तापवलाय का, भेगा भरल्यात का, हे त्यात वाचा आणि वजन-माप समोरच्या खड्याशी जुळवा. तापवणं ही व्यापारात मान्य रीत आहे, पण सांगितलं पाहिजे आणि भावात दिसलं पाहिजे.

प्रत्येक खडा वेगळ्या पुडीत ठेवा, नाहीतर नीलम शेजारच्या जमुनियावर चरे पाडेल. जमुनिया खिडकीतल्या उन्हात फार दिवस राहिला की फिका पडतो. पाचूच्या भेगांत बहुधा तेल मुरवलेलं असतं, त्याला गरम पाण्यात धुऊ नका. पुडीवर नाव, कॅरेट, भाव आणि खरेदीची तारीख लिहून बिल सोबत ठेवा.