खालची आग: लावण्याआधी काय काढायचं, आणि गर्भनिरोधक कोणतं निवडायचं

मी कराडला शिलाईकाम करते. दिवसाचा बराच वेळ मशीनसमोर बसून जातो, आणि मला व्हल्व्होडायनिया आहे. म्हणजे योनीमुखाभोवतीचं असं दुखणं, जे तीन महिन्यांहून जास्त टिकतं आणि तपासणीत ज्याचं ठळक कारण सापडत नाही. कुणाला सतत जळजळ होते, कुणाला फक्त स्पर्श झाला की सुई टोचल्यासारखं होतं. माप द्यायला आलेल्या बायका हळूच विचारतात, "ताई, खाली आग होते, काय लावू?" मी आधी विचारते, सध्या काय काय लावतेस?

पण त्याच्याही आधी तपासणी. जंतुसंसर्ग, मधुमेह, त्वचेचे आजार यांतही अशीच आग होते. पांढरे चट्टे, जखम, गाठ, रक्त किंवा ताप असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. डॉक्टर "सगळं नॉर्मल आहे" म्हणाल्या, तर लाजू नका, स्पष्ट सांगा: "कापसाच्या काडीने योनीमुखाभोवती हलकं दाबून बघा, नेमकं कुठे दुखतं ते दाखवते." खरंच अशी तपासणी असते. पांढरं जात नसताना दुकानातून बुरशीच्या मलमाची ट्यूब पुन्हा पुन्हा आणू नका, तिनेही आग वाढते.

आता काढून टाकायच्या गोष्टी. साबण, डेटॉल, इंटिमेट वॉश, सुगंधी पॅड, रोजचं लायनर. तुरटीचं पाणी, कडुलिंबाचा काढा, हळदीचा लेप, दही हेही नको. 'नैसर्गिक' आहे म्हणून नाजूक त्वचेला चालतं असं नाही. बाळंतिणीला ओवा-शेपाची धुरी देतात, तीही अशा दुखण्यात टाळा. धुवायला नुसतं पाणी पुरतं.

कपड्यांबद्दल मी अधिकाराने सांगते. नवा कपडा खळ जाईपर्यंत धुवा, आणि आतले कपडे साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा. चड्डी सुती, सैल, आतून पांढरी. लेगिंग्ज आणि जीन्समध्ये दोन पायांमधली जाड शिवण नेमकी दुखऱ्या जागी येते, म्हणून सलवार बरी. शिवून घेताना दोन पायांमधली जागा ढिली ठेवायला सांगा. घरी चड्डीशिवाय झोपलात तरी चालतं.

आग भडकली की कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसा, नाहीतर कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ ठेवा. थेट बर्फ कधीच नको. नंतर शुद्ध खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवा, चुरचुरलं तर पुसून टाका. बसकाम असेल तर मध्येमध्ये उठा. रात्री उताणं झोपून गुडघे दुमडा, पोट फुगवत सावकाश श्वास घ्या आणि तो घेताना खालचे स्नायू सैल सोडा. अनेकींचे हे स्नायू सतत आवळलेले असतात, म्हणून मोबाइलवर बघून केगल व्यायाम, म्हणजे हेच स्नायू आवळण्याचे व्यायाम, करू नका, आवळल्याने दुखणं वाढू शकतं. पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे या खालच्या स्नायूंचं काम जाणणारी फिजिओथेरपिस्ट मिळाली तर तिच्याकडे नक्की जा.

गर्भनिरोधकाबद्दल मात्र कुणी विचारतच नाही. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या रोजच्या गोळीने रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी होतं, आणि योनीमुखाच्या त्वचेला इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरकं (हार्मोन्स) लागतात. त्यामुळे काहींना गोळी चालू केल्यानंतर आग सुरू होते. सगळ्यांना नाही, अभ्यासांतही एकमत नाही. पण तुमचं दुखणं गोळीनंतर सुरू झालं असेल तर डॉक्टरांना तारखांसकट सांगा. दुसरा उपाय ठरल्याशिवाय गोळी बंद करू नका. ती एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) किंवा पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाचा अंडाशयाचा त्रास) यासाठी असेल तर स्वतःहून अजिबात नाही. बदलल्यावर फरक पडायला महिने लागतात, आणि कधी डॉक्टर लावायला संप्रेरकांचं क्रीमही देतात.

गर्भाशयात बसवायच्या कॉपर-टी मध्ये संप्रेरकं नसतात आणि ३८०ए प्रकारची दहा वर्षं चालते. पाळी जास्त जाऊ शकते, म्हणजे पॅड जास्त वेळ. पॅडने घासत असेल तर हा विचार करा. बसवताना त्रास होऊ नये म्हणून बधिर करणारं जेल आधीच मागा. 'छाया' गोळीत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन नसतं. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची. पण ती इस्ट्रोजेनच्या कामात हात घालते, म्हणून आपल्या त्रासात चालेल का, हे विचारून घ्या. 'अंतरा' हे संप्रेरकाचं इंजेक्शन तीन महिन्यांचं असतं, त्रास झाला तर मध्येच काढता येत नाही. त्यामुळे मी अशा बाईला ते पहिली निवड म्हणून सुचवणार नाही.

निरोध वापरत असाल तर साधा घ्या. सुगंधाचा, दाणेदार, शुक्राणुनाशक लावलेला नको. लॅटेक्सच्या निरोधासोबत खोबरेल तेल कधीच नको, तेलाने लॅटेक्स कमकुवत होऊन फाटतं. जे तेल दिवसभर आराम देतं, ते त्या वेळी पूर्ण पुसून पाण्याचं किंवा सिलिकॉनचं, बिनवासाचं वंगण वापरा. आणि दुखायला लागलं की नवऱ्याला तिथेच थांबायला सांगा. सोसत राहिलं की स्नायू पुढच्या वेळी आधीच आवळतात.