डिस्क भरली, लॉगिन अडलं, बॅकअप थांबला: आधी काय करायचं?

सी ड्राइव्हची पट्टी लाल होते, पासवर्ड घेतला जात नाही, बाहेरची हार्ड डिस्क दिसेनाशी होते. या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण घरच्या कॉम्प्युटरवर बरेचदा एकीतून दुसरी निघते. गुगलची फुकट मिळणारी १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांच्यात वाटलेली असते. फोटोंनी ती भरली की नवीन मेल येणं बंद होतं. मग दुसऱ्या एखाद्या खात्याचा पासवर्ड बदलायला गेलात की त्याचा कोड मेलवर पोचतच नाही आणि लॉगिन अडतं. डिस्क गच्च भरली की विंडोजचं अपडेट अर्धवट राहतं, आणि बाहेरची डिस्क भरली की बॅकअप मुकाट्याने थांबतो.

म्हणून पुढची प्रत्येक पायरी एकाच क्रमाने लावली आहे: आधी प्रत, मग दुरुस्ती. नागपूरच्या सीताबर्डीत कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला की अनेकदा पहिला प्रश्न येतो, "भाऊ, फॉरमॅट मारून देऊ का?" त्यात त्यांचा दोष नाही. मशीन लवकर चालू करून देणं हे त्यांचं काम. पण आईच्या साठीचे फोटो, शेताच्या कागदांचे स्कॅन, मुलीच्या दहावीची गुणपत्रिका यांची दुसरी प्रत आहे की नाही, हे त्यांना कसं कळणार? ते तुम्हालाच ठाऊक असायला हवं.

आधी बघा, डिस्क एक आहे की दोन

आपल्याकडे असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमध्ये एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतात. त्यामुळे घरोघरी एक समजूत पक्की झाली आहे: "महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हला टाकलंय, काही होत नाही." फॉरमॅट मारताना फक्त सी पुसला जातो, तेवढ्यापुरती ती समजूत खरी आहे. पण डिस्कच बिघडली तर सी, डी, ई तिन्ही एकदम जातात.

खात्री करायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये जाऊन डाव्या बाजूला 'डिस्क ०' बघा. तिच्यापुढे सी आणि डी दोन्ही अक्षरं असतील तर तुमची डिस्क एकच आहे, आणि डी ड्राइव्हमधली प्रत ही दुसरी प्रत नव्हे.

जागा कमी पडते तेव्हा

नव्या २५६ जीबीच्या एसएसडीवर विंडोज २३८ जीबीच दाखवतं, १ टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबी. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच फरक.

खरी जागा मोकळी करायला सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज असं जा आणि 'टेम्पररी फाइल्स' उघडा. मोठ्या अपडेटनंतर इथे 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसतं आणि ते एकटंच बरेच जीबी अडवून बसतं. नवीन विंडोज नीट चालत असेल तर ते काढून टाका. मात्र त्यानंतर जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही. थंबनेल्स, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनच्या फाइल्स, रीसायकल बिन हेही काढता येतं. रीसायकल बिनमध्ये आधी एकदा डोकावून घ्या.

याच यादीत एक खड्डा आहे. तिथे 'डाउनलोड्स' अशीही एक ओळ असते. ती टेम्पररी फाइल्सच्या पानावर असल्यामुळे लोक बिनधास्त टिक करतात. आणि आपल्या घरांत डाउनलोड्स फोल्डर म्हणजे काय असतं? वीजबिलाच्या पावत्या, फॉर्म १६, परीक्षेचं हॉल तिकीट, व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेले लग्नाचे फोटो. तिथे टिक लावायची नाही. तो फोल्डर वेगळा उघडून, फाइल्स आकारानुसार लावून, हाताने निवडून साफ करायचा.

तरीही जागा होत नसेल तर विझट्रीसारखा प्रोग्राम कुठला फोल्डर किती मोठा आहे ते दाखवतो. त्यात 'विंडोज' किंवा 'ॲपडेटा' मोठे दिसले तरी आतल्या फाइल्स स्वतः पुसू नका. आपला रोख फोटो आणि व्हिडिओंवर ठेवा. दुसरी डिस्क खरोखर असेल तर 'व्हिडिओज' फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज', मग 'लोकेशन', मग 'मूव्ह' केलं की तो फोल्डर तिकडे जातो आणि पुढचे व्हिडिओही तिकडेच साठतात. आधी प्रत घेऊन ठेवा, कारण मूव्ह करताना मध्येच वीज गेली तर फाइल्स अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे राहू शकतात.

पेनड्राइव्हमध्ये २० जीबी मोकळी असूनही लग्नाची फिल्म 'फाइल मोठी आहे' म्हणून जात नाही, हा प्रश्न फार जणांना पडतो. तो पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असतो, आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असूच शकत नाही. त्यातलं सगळं दुसरीकडे काढून घ्या आणि पेनड्राइव्ह एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करा.

मराठी माणसाला जास्त भोवणारी आणखी एक अडचण आहे. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंतचा पूर्ण पत्ता साधारण २६० चिन्हांत बसावा लागतो. देवनागरीत प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगळा मोजला जातो, म्हणजे 'श्री' या एका अक्षराची चार चिन्हं होतात. 'आजोबांच्या शेतीची सर्व जुनी कागदपत्रे' या फोल्डरात एकात एक असे आणखी चार फोल्डर केलेत की कॉपी करताना 'पाथ टू लाँग' येतं. मराठी नावं खुशाल ठेवा, फक्त आखूड ठेवा.

लॉगिन होत नाही तेव्हा

शेजारचे काका सांगतात, "पासवर्ड तर तोच टाकून राहिलो, पण घेऊनच नाही राहिला." असं असेल तर आधी उजव्या खालच्या कोपऱ्यात बघा. मराठी टायपिंग बसवलेलं असेल तर तिथे कधीकधी इंग्रजीऐवजी मराठी कीबोर्ड निवडलेला असतो, आणि मग तीच बटणं वेगळी अक्षरं टाकतात. विंडोज बटण आणि स्पेसबार दाबून भाषा बदला. पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्याच्या खुणेवर बोट दाबून धरलं की काय टाइप झालंय ते दिसतं. कॅप्स लॉक बघा. पिनसाठी उजवीकडचे आकडे वापरत असाल तर नम लॉकही बघा.

पिन आणि पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो, तर पासवर्ड मायक्रोसॉफ्ट खात्याचा. पासवर्ड मोबाइलवरून बदलला तरी पिन तोच राहतो. पिन विसरलात तर त्याच पानावर 'आय फरगॉट माय पिन' आहे, पण त्याला इंटरनेट लागतं. लॉगिनच्या पानावरच खाली वायफायची खूण असते, तिथून जोडून घ्या.

मशीन सुरू होतं, पण जीमेल आणि बँकेच्या साइट 'सुरक्षित नाही' म्हणून अडवतात? घड्याळाची तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की प्लग काढल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते, आणि साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं कॉम्प्युटरला चुकीची वाटू लागतात. तारीख दुरुस्त करा, सेल बदला. विंडोज पुन्हा टाकायची गरज नाही.

लॉगिन झालं, पण डेस्कटॉप रिकामा दिसतोय आणि 'वी कान्ट साइन इन टू युवर अकाउंट' असा संदेश आलाय, तर घाबरू नका. विंडोजने तात्पुरतं प्रोफाइल उघडलंय. तुमच्या फाइल्स बहुधा सी ड्राइव्हच्या 'युजर्स' फोल्डरात जुन्या नावाखाली जागेवरच असतात. या अवस्थेत डेस्कटॉपवर काहीही सेव्ह करू नका. साइन आउट केलं की ते नाहीसं होतं. जुन्या फोल्डरातलं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या, त्यानंतर रीस्टार्ट आणि पुढची दुरुस्ती.

सगळ्यात जास्त काळजी घ्यावी ती बिटलॉकरच्या, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाच्या, निळ्या पानाची. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला की नवी मशीनं अचानक ४८ आकडी 'रिकव्हरी की' मागतात. अनेकांना डिस्क कुलूपबंद आहे हेच माहीत नसतं, कारण मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप करताना ते आपोआप चालू झालेलं असतं. ही की त्या खात्यात साठवलेली असते. मोबाइलवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवर लॉगिन करून 'डिव्हायसेस'मध्ये बघा, आणि पडद्यावरच्या 'की आयडी'ची पहिली ८ अक्षरं जुळवा. तुमच्या खात्यात नसेल तर आठवा, लॅपटॉप पहिल्यांदा कुणी चालू करून दिला होता? पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाने स्वतःच्या खात्याने सेटअप केला असेल तर की त्याच्याकडे आहे. की कुठेच सापडली नाही तर बाजारातला कुठलाही कारागीर ते कुलूप उघडू शकत नाही. म्हणून आज मशीन चालू असतानाच ती की कागदावर लिहून कपाटात ठेवा.

गुगल खातं अडलं असेल तर रोजच्याच मशीनवरून, घरच्याच वायफायवरून प्रयत्न करा. ओळखीच्या जागेवरून खातं परत मिळण्याची शक्यता जास्त असते. खात्यातला मोबाइल नंबर बदललाय का तेही पाहा, कारण बंद केलेला नंबर पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. फोन हाताशी नसताना लॉगिन करायला गुगल १० बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. तेही त्याच कागदावर लिहा.

इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेल्या नंबरावर फोन करू नका. समोरचा माणूस एनीडेस्क, म्हणजे दुरून तुमचं मशीन चालवू देणारा प्रोग्राम, टाकायला सांगेल तर तिथेच फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा.

डिस्क दिसत नाही, बॅकअप थांबला

बाहेरची डिस्क लावल्यावर 'फॉरमॅट करा' असं विचारलं तर 'कॅन्सल' दाबा. मग केबल बदला, हब काढून डिस्क थेट मशीनच्या मागच्या पोर्टला लावा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा. कितीतरी 'मेलेल्या' डिस्क केबल बदलल्यावर उघडतात.

हार्ड डिस्क टक-टक आवाज करत असेल तर ती लगेच बंद करा. आवाज नाही, पण फाइल्स रखडत उघडतात किंवा डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये 'कॉशन' दिसतंय, तर सगळ्यात महत्त्वाचा फोल्डर आधी काढून घ्या. या वेळी डिस्कमधल्या चुका शोधणारं चेकडिस्क चालवू नका, फाइल्सची मांडणी नीट लावणारं डीफ्रॅगही नको. दोन्ही थकलेल्या डिस्कला आणखी पळवतात.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, बंद खोलीत डिस्क आणखी तापते. मोठी कॉपी पहाटे लावा. मशीन कूलरच्या झोतात ठेवू नका, त्या हवेतली ओल आत जाते. साध्या इन्व्हर्टरवर वीज बदलताना डेस्कटॉप रीस्टार्ट होऊ शकतो. इन्व्हर्टरला यूपीएस मोड असेल तर तो लावा, नाहीतर छोटा यूपीएस घ्या. तो जी काही मिनिटं देतो, तेवढ्यात मशीन नीट बंद करा. पावसाळ्यात विजा कडाडत असतील तर प्लगबरोबर इंटरनेटची केबलही काढा.

विंडोजमधली 'फाइल हिस्टरी' कंट्रोल पॅनलमधून चालू होते आणि दर तासाला बदललेल्या फाइल्सची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवते. ती डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप असे ठराविक फोल्डर घेते. डी ड्राइव्हमधला तुमचा खास फोल्डर विंडोजच्या 'लायब्ररी' या यादीत जोडल्याशिवाय घेत नाही. जुन्या प्रती आपोआप पुसल्या जात नाहीत, त्यामुळे डिस्क भरते आणि काम थांबतं. 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'क्लीन अप व्हर्जन्स' करा.

वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हला एकमेव बॅकअप मानू नका. इथे पुसलेली फाइल तिथेही पुसली जाते, आणि कचरापेटीत साधारण ३० दिवस राहते. एक प्रत मशीनमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर, एक क्लाउडमध्ये किंवा दुसऱ्या घरी, एवढं असावं. काम झालं की बाहेरची डिस्क 'सेफली रिमूव्ह' करून काढून ठेवा. सतत जोडलेली राहिली तर व्हायरस तिच्यावरच्या प्रतीही खराब करतो.

विंडोज १० वापरत असाल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. विंडोज ११ वर जाण्याआधी ही पूर्ण प्रत हवीच.

शेवटी प्रत उघडते का ते तपासा. बाहेरची डिस्क दुसऱ्याच्या लॅपटॉपला लावा आणि एक जुना फोटो, एक एक्सेल आणि एक मराठी पत्र उघडून बघा. पत्रातली अक्षरं अगम्य दिसली तर ते बहुधा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं आहे. फाइल ठीक आहे, फॉन्ट राहून गेलाय. आपल्या मशीनवर परत जा, विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरातून तो फॉन्ट कॉपी करा आणि त्याच डिस्कवर पत्रांच्या शेजारी ठेवून द्या.