दिल्लीच्या युद्ध स्मारकात आपल्या माणसाचं नाव शोधताना या चुका टाळा

दिल्लीत इंडिया गेटच्या पूर्वेला राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुलं झालं. सातारा, कोल्हापूर, रायगड, नगर या भागांत पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसं पाठवणारी गावं आहेत, आणि तिथून दिल्लीला येणारी काही घरं केवळ एक नाव शोधायला येतात. आजोबांचं, पणजोबांचं, कधी चुलत्याचं. ते नाव सापडलं नाही की घरच्यांना फार लागतं, आपला माणूस सरकार विसरलं असं वाटतं. असा निष्कर्ष काढण्याआधी एक तपासा, आपण शोधतोय ती भिंत बरोबर आहे ना?

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक तीच. या स्मारकातल्या त्याग चक्राच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर फक्त स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्या सैनिकांची नावं आहेत. उद्घाटनाच्या वेळी ती २५,९४२ होती, पुढे त्यांत भर पडत गेली. १९४७-४८चं काश्मीर, १९६२, १९६५, १९७१, सियाचीन, श्रीलंका, कारगिल, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमा हे सगळं यात येतं. पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात गेलेले पणजोबा इथे नाहीत.

मग लोक शेजारच्या इंडिया गेटकडे वळतात, आणि दुसऱ्यांदा चुकतात. इंडिया गेट पहिल्या महायुद्धात गेलेल्या सत्तर हजारांहून अधिक हिंदी सैनिकांचं स्मारक आहे हे खरं, पण त्यावर कोरलेली तेरा हजारांवर नावं मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. फ्रान्समध्ये किंवा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेला माणूस तिथेही सापडणार नाही. मेसोपोटेमियातल्या कुट शहराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. त्यांच्यातले ज्यांची कबर नाही ते बसराच्या स्मारकाखाली येतात. मात्र त्या भिंतीवर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नव्हती, पलटणीपुढे नुसते आकडे घातले होते. अधिकाऱ्यांना नाव आणि शिपायाला आकडा, हा अन्याय होता, आणि आजही तो वाचताना चीड येते. नावं कागदोपत्री नोंदवहीत आहेत. ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतात.

दुसऱ्या महायुद्धाचंही तसंच. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात लढले. त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे त्या गनवर चालून गेले, ग्रेनेड टाकला, शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं आणि तिथेच शत्रूच्या गोळीला बळी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, पण कबर नाही. नाव आहे ते इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर. एवढ्या मोठ्या वीराचं नाव दिल्लीच्या त्याग चक्रात नाही, ते केवळ वर्षामुळे.

माणूस पोलिसांत किंवा सीआरपीएफमध्ये असेल तर चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय पोलिस स्मारक गाठा. २६/११ला कसाबला पकडताना गेलेले तुकाराम ओंबळे पोलिस होते. त्यांना अभिवादन करायचं तर तिथे जायचं.

नुसतं आडनाव घेऊन जाऊ नका

शिंदे, जाधव, पवार एवढ्यावर शोध लागत नाही. सैन्याच्या नोंदीत माणसाची खरी ओळख म्हणजे त्याचा नंबर. जुनं पेन्शन बुक किंवा डिस्चार्जचे कागद असतील तर त्यात तो असतो. कागद वाळवीने खाल्ले असतील तर देवघरात किंवा ट्रंकेत ठेवलेलं पदक बाहेर काढा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकाची चपटी बाजू नव्हे, कडा बघा. उजेडाकडे तिरपी धरून फिरवली की नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण अशी इंग्रजी अक्षरं दिसतात. ब्रासो लावून घासू नका, ती पुसट होत जातात.

संकेतस्थळावर शोधताना स्पेलिंग बदलून पाहा. पवारचं पोवार, जाधवचं जाधो, शिंदेचं सिंदे असं गोऱ्या कारकुनांनी लिहून ठेवलंय. पुष्कळदा आडनावच नसतं, नुसतं नाव आणि बापाचं नाव असतं. तेव्हा नाव, पलटण आणि गाव या तिघांचा मेळ घालायचा. १९२२मध्ये जुन्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा रेजिमेंट झाली, म्हणून पदकावर ‘१०५’ किंवा ‘११७’ दिसलं तरी गोंधळू नका.

ऑपरेशन विजय म्हणजे कारगिलच, असं धरू नका

या नावाच्या मोहिमा दोन आहेत. एक १९९९ची कारगिलची, दुसरी डिसेंबर १९६१ची गोवा मुक्तीची. अंजदीव बेटावर उतरताना पोर्तुगीज गोळीबारात पडलेले नौसैनिक या दुसऱ्या मोहिमेतले. गोव्याच्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण चुकीचं वर्ष धरून शोधलं तर नाव निसटतं.

राष्ट्रीय युद्ध स्मारकातल्याच परमयोद्धा स्थळावर एकवीस परमवीर चक्र विजेत्यांचे पुतळे आहेत, पण ती सगळी नावं त्याग चक्रात शोधत बसू नका. एकवीसपैकी चौदांनाच ते मरणोत्तर मिळालं. कारवारजवळ जन्मलेले रामा राघोबा राणे एप्रिल १९४८मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढत राहिले. एका टप्प्यावर ते रणगाड्याखाली रांगत पुढे सरकले आणि दोरीच्या ओढीने चालकाला इशारे देत गेले. ते त्यातून वाचले, १९९४पर्यंत जगले. त्यांच्या पुतळ्यापुढे मुलांना ही गोष्ट सांगा, मुलं पुढचे पुतळे आपणहून वाचतात.

मुलांना रणगाडे दाखवायचं कबूल करून इथे आणू नका. त्यासाठी आपल्या अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय आहे. ते १९९४पासून चालू आहे. १९७१ला बसंतरच्या लढाईत पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल ज्या जातीच्या रणगाड्यातून लढले, तो सेंच्युरियन तिथे जवळून पाहता येतो.

बाकी वेळेचं थोडक्यात. प्रवेश मोफत आहे. जानेवारीत संचलनाच्या तालमींमुळे रस्ते बंद होतात, तेव्हा बेत आखू नका. मे महिन्यात दुपारी हा दगड तापतो, वयस्कर माणसांना सकाळी न्या. जमलं तर संध्याकाळपर्यंत थांबा. रोज एका शहीदाच्या घरचं माणूस तिथे पुष्पचक्र वाहतं. त्या वेळी मोबाईल खिशात ठेवा, कारण समोर कुणाची आई किंवा पत्नी उभी असते.

आणि माणूस १९४७नंतर गेलेला असूनही नाव मिळालं नाही, तर आधी स्मारकातल्या डिजिटल पडद्यावर नंबर घालून पाहा. तरीही नसेल तर आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि त्यांच्यामार्फत पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहा. मराठा लाईट इन्फन्ट्रीचं ते बेळगावला आहे. पत्रात नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि ठिकाण लिहा, सोबत कागदांच्या प्रती जोडा, मूळ कागद घरीच ठेवा.